सुरीची धार

बोथट सुरी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तीच अधिक घातक ठरते. धार गेली की आपण जोर लावतो आणि सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरून बोटावर येते. म्हणून घरी निसणा, म्हणजे धार लावण्याचा दगड, असावा. तो पाण्याने भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. प्रथम खरखरीत बाजूवर सुमारे १५ ते २० अंशांचा कोन राखून पाते घासावे. वरच्या बाजूला पोलादाची सूक्ष्म किनार उमटली की पाते उलटून तितकेच घासावे. मग गुळगुळीत बाजूवर हलक्या हाताने ती किनार काढावी. धारेची परीक्षा अंगठ्यावर न घेता कागदावर घ्यावी. धार जोराने येत नाही. कोन स्थिर ठेवल्याने येते.