टॅरागॉन : दवण्याच्या कुळातील परकीय वनस्पती
लागवड, उपयोग आणि ओळखीचा प्रश्न

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या परिचयाचे एक औषधालयचालक सुक्या पाल्याची एक लहान गोणी घेऊन आमच्याकडे आले. पुरवठादाराने तो पाला ‘विलायती दवणा’ या नावाने दिला होता. नेहमीच्या दवण्यापेक्षा तो स्वस्त होता आणि वर्षभर मिळेल अशी हमीही होती. धूपद्रव्यात व एका अभ्यंगतैलात दमनक म्हणून तो वापरावा काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही मूठभर पाला कोमट पाण्यात भिजवला. पाने उलगडल्यावर ती अरुंद, अखंड कडेची व गुळगुळीत दिसली. गंध बडीशेपेसारखा होता. दोन पाने चावताच जिभेच्या टोकाला किंचित बधिरता आली. दवण्याची एकही खूण त्यात नव्हती. तो टॅरागॉन होता, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ड्रॅकुन्क्युलस.

त्यांनी माल परत केला. तथापि हाच माल अन्यत्र दमनक म्हणून खपला असण्याची शक्यता आम्हांस अस्वस्थ करीत राहिली. शहरांतील रोपवाटिकांत हे रोप आता सर्रास मिळते, हौशी मंडळी ते कुंडीत लावतात आणि रुग्ण आपल्याला विचारतात, ‘वैद्यराज, हे आयुर्वेदात आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर वैद्याजवळ असावे, म्हणून हा अभ्यासलेख.

कुळ एक, द्रव्ये भिन्न

आर्टेमिसिया ही सूर्यफुलाच्या कुळातील मोठी प्रजाती. आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. भावप्रकाश निघंटूत दमनकाचे वर्णन पुष्पवर्गात येते. तुवर व तिक्त रस, हृद्य, वृष्य, सुगंधी, आणि ग्रहणी, विष, कुष्ठ, कंडू यांवर उपयुक्त, असा त्याचा गुणनिर्देश आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल-खोबऱ्याबरोबर वाहिला जातो तो हाच. महाराष्ट्रात दवणा ओळखण्याचे शिक्षण पुस्तकापेक्षा देवळात अधिक होते, आणि त्याचा आपल्याला मोठा लाभ आहे.

याच प्रजातीतील दुसरी वनस्पती म्हणजे सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर उगवणारा ढोरदवणा. तो पुरुषभर उंच वाढतो, पाने खंडित व खालच्या बाजूने पांढुरकी लवदार असतात. उत्तरेकडे यालाच ‘नागदौना’ म्हणतात आणि काही ग्रंथकार दमनकाच्या जागी याच गटातील वनस्पती घेतात. आपल्याकडे मात्र ‘नागदवणा’ म्हटले की अनेक ठिकाणी मोठ्या पांढऱ्या फुलांचा, कंद असलेला क्रायनम दाखविला जातो. त्याचा कंद वामक आहे. नावात ‘दवणा’ आहे एवढ्यावरून द्रव्य घेणाऱ्यावर कोणता प्रसंग येऊ शकतो, हे यावरून ध्यानी यावे. अशा नाममालेत ‘विलायती दवणा’ या आणखी एका नावाची भर पडणे हे आम्हांस हितावह वाटत नाही. टॅरागॉनला टॅरागॉनच म्हणावे.

टॅरागॉनचे मूळ स्थान सायबेरिया व मध्य आशियातील थंड, कोरडा प्रदेश. भारतात पश्चिम हिमालयाच्या उंच, रुक्ष भागात, लडाख व लाहौलकडे, तो रानात आढळतो. अरबी-फारसी परंपरेत त्याचे नाव तर्खून. इराणी भोजनात त्याची हिरवी पाने भाकरीबरोबर कच्ची खातात. जॉर्जियात त्यापासून हिरवे गोड पेय करतात. फ्रेंच पाकशास्त्रात तर त्याचे स्थान आपल्याकडील कोथिंबिरीसारखे आहे. अंडी, मासे, कोंबडी यांच्या पाककृती, बेअर्नेज नावाचे लोणीयुक्त सार आणि शिरका ही त्याची प्रमुख क्षेत्रे.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. डोंगरी तर्खूनचे मूळ म्हणजेच अक्कलकारा, असा समज जुन्या अरबी वैद्यांमध्ये प्रचलित होता. वस्तुतः अक्कलकारा ही अगदी निराळी वनस्पती आहे. समज चुकीचा खरा, पण तो निर्माण होण्यास जिभेची साक्ष कारणीभूत झाली असावी, कारण चावल्यावर दोन्हींनी जीभ बधिर होते. केवळ एका लक्षणावरून द्रव्यनिश्चिती करण्याचा मोह किती जुना आहे, ते यातून दिसते. तीच गोष्ट नावाची. ‘ड्रॅकुन्क्युलस’ म्हणजे लहानसा नाग. त्याची मुळे वेटोळी असतात, आणि युरोपात तो सर्पदंशावर गुणकारी मानला जाई. आपल्या नागदमनीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, परंतु साम्य स्मरणापुरतेच ठेवावे.

लागवड : आमची एक चूक

टॅरागॉनचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद न कळल्यामुळे आमचे एक वर्ष वाया गेले. ‘फ्रेंच टॅरागॉन’ असे छापलेले बियांचे पाकीट आम्ही एका विक्रेत्याकडून आणले. बी उत्तम उगवले, झाडे छातीपर्यंत वाढली, आणि पानांना गवताखेरीज कसलाही वास नव्हता. चौकशी केल्यावर कळले की फ्रेंच प्रकार वंध्य असून त्याला उगवणक्षम बी धरतच नाही. बियांपासून होतो तो रशियन प्रकार, जोमदार पण जवळजवळ निर्गंध. म्हणजे ‘फ्रेंच टॅरागॉनचे बी’ हा शब्दप्रयोगच ससाच्या शिंगासारखा आहे. फ्रेंच प्रकार केवळ मुळांच्या विभागणीने किंवा फाटे कलमाने वाढतो. तेव्हा रोपच घ्यावे, आणि घेण्यापूर्वी एक पान चावून पाहावे. बडीशेपेचा गंध, किंचित गोडी व जिभेवर बधिरता या तिन्ही गोष्टी असतील तरच पैसे द्यावेत.

उष्ण प्रदेशातील रोपवाटिका याच नावाने एक तिसरी वनस्पतीही विकतात. ती म्हणजे मेक्सिकन टॅरागॉन, टॅजेटिस ल्युसिडा. ही झेंडूची बहीण आहे. पाने समोरासमोर, कडा बारीक दातेरी आणि फुले पिवळी, मोजक्या पाकळ्यांची. खऱ्या टॅरागॉनची पाने एकाआड एक व अखंड कडेची असतात. मेक्सिकन टॅरागॉनचा स्वाद जवळचा आहे आणि आपल्या उष्ण हवेत ते अधिक टिकते. स्वयंपाकघरापुरते ते लावण्यास हरकत नाही, मात्र नाव योग्य ते लिहावे.

फ्रेंच टॅरागॉनला तीन गोष्टी लागतात : ऊन, निचरा आणि थंडीतील विश्रांती. पहिली आपल्याकडे विपुल आहे, दुसरी आपण करू शकतो, तिसरी मात्र महाबळेश्वर-पाचगणीसारखा उंच भाग वगळता दुर्मिळ. थंड देशांत हे झाड हिवाळ्यात जमिनीपर्यंत सुकते आणि वसंतात मुळांपासून पुन्हा फुटते. ही विश्रांती न मिळाल्यास ते हळूहळू क्षीण होते. म्हणून पठारी भागात त्याला बहुवर्षायू न मानता, दर वर्षी नवे फाटे कलम करून पुढे चालविणे हाच व्यवहार्य मार्ग आम्हांस वाटतो.

कुंडी खापराची घ्यावी. बागेतील माती, जाड वाळू व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण करावे, त्यात वाळूचे प्रमाण सढळ असावे आणि खताचे कमी. सकस मातीत झाड फोफावते पण गंध उणावतो, हा सुगंधी वनस्पतींबाबत अनेकदा येणारा अनुभव येथेही येतो. बोटाचे एक पेर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. मुळे पाण्यात बसली की ती कुजतात. आमची पहिली तीन रोपे उन्हाने नव्हे, आषाढातील झडीने गेली. आता मृगाच्या आधीच कुंड्या पडवीत, जेथे पाऊस लागत नाही पण उजेड येतो अशा जागी हलवितो. वैशाखात दुपारचे ऊन टाळून सकाळचे तेवढे द्यावे.

कलमासाठी थंडी सरताना निघणारी कोवळी, फुलोरा नसलेली फांदी आठ-दहा सेंटिमीटर कापून, खालची पाने काढून ओलसर वाळूत लावावी. जुन्या झाडाची दोन-तीन वर्षांनी विभागणी करावी. मुळे ठिसूळ असतात, ओढू नयेत, धारदार चाकूने कापावीत. फुलोरा येऊ लागला की शेंडे खुडावेत. खुडल्याने फुटवेही वाढतात.

उपयोग व मर्यादा

पाला वाळविल्यावर त्याचा बराचसा गंध उडून जातो. म्हणून ताजा वापरावा किंवा शिरक्यात टिकवावा. कोवळ्या डहाळ्या धुऊन, पाण्याचा अंशही राहणार नाही अशा पुसून काचेच्या बाटलीत भराव्यात, त्या बुडतील एवढा पांढरा शिरका ओतावा, दोन-तीन आठवडे अंधारात ठेवून गाळून घ्यावा. कोशिंबिरीला चमचाभर पुरतो. शिजणाऱ्या पदार्थात पाने उतरविण्याच्या क्षणी घालावीत, उकळीने स्वाद जातो.

आपल्या व्यवसायात दोन ठिकाणी आम्ही त्याचा पथ्यकल्पनेपुरता उपयोग केला आहे. ज्या रुग्णांना मीठ कमी करण्यास सांगितलेले असते, त्यांची मुख्य तक्रार अन्न बेचव लागण्याची. मुगाच्या कढणात किंवा ताकात चार-पाच पाने चिरून घातल्यास मिठाची उणीव थोडी कमी जाणवते. दुसरा उपयोग जुना आहे. तिक्त काढा घेण्यापूर्वी एखादे पान चावल्यास जिभेची संवेदना मंदावते आणि निंब-किराततिक्ताचा काढा घोटभर खाली जातो. हे उपचार नव्हेत, उपचाराला साह्य आहे.

त्याचे रसपंचक काय, असे विद्यार्थी विचारतात. संहितांत व प्रमुख निघंटूंत हे द्रव्य नाही. रस कटु, अनुरस मधुर, वीर्य उष्ण, कर्म दीपन व वातानुलोमन, असे अनुमान करता येईल. परंतु हे अनुमान आहे, आप्तोपदेश नव्हे, आणि ते वेष्टनावर छापू नये. अज्ञात द्रव्य विषासारखे व सुज्ञात द्रव्य अमृतासारखे, हा चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायातील विचार येथे अक्षरशः लागू पडतो.

कारण या वनस्पतीच्या तेलाविषयी काही ज्ञात आहे आणि ते गंभीर आहे. फ्रेंच टॅरागॉनच्या सुगंधी तेलाचा प्रमुख घटक एस्ट्रागोल. मोठ्या मात्रेत दिल्यावर त्याने उंदरांमध्ये यकृताचे अर्बुद उत्पन्न केल्याचे प्रयोगांत आढळले आणि युरोपीय संघाच्या वैज्ञानिक अन्न समितीने २००१ मध्ये त्याचा वापर मर्यादित ठेवावा असे मत दिले. रशियन प्रकारात मेथिल युजेनॉल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते मानवात संभाव्यतः कर्ककारक अशा वरच्या गटात घातले. भयभीत होण्याचे कारण नाही. एस्ट्रागोल बडीशेपेतही अल्प प्रमाणात असते आणि जेवणातील चार पाने व तेलाचे थेंब यांत महदंतर आहे. परंतु तेल पोटात देऊ नये, पाल्याचा अर्क वा दाट फांट महिनोन्महिने चालू ठेवू नये, आणि गर्भिणी, स्तनदा व बालके यांना औषधी मात्रेत तो मुळीच देऊ नये. ‘नैसर्गिक आहे, चालेल’ हे वाक्य वैद्याच्या मुखी शोभत नाही.

औषधालयचालकांस

आयुर्वेदीय पेटंट व प्रोप्रायटरी औषधांतही, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम १९४० नुसार, पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत वर्णिलेल्या योगांतील घटकद्रव्येच घेता येतात. टॅरागॉन दमनकाच्या जागी घातला तर वेष्टनावरील घटकनामावली असत्य ठरते आणि दायित्व पुरवठादारावर नव्हे, निर्मात्यावर येते. प्रतिनिधी द्रव्याची आपली परंपरा आहे हे मान्य, पण प्रतिनिधी हा समान गुणांवरून व शास्त्राधारे ठरतो. गोणीच्या भावावरून ठरत नाही.

परीक्षा सोपी आहे. पाला कोमट पाण्यात पाव तास भिजवून पान पसरून पाहावे. दवण्याचे पान बारीक चिरलेले, करड्या झाकेचे व लवदार असते, गंध फळासारखा मधुर व दीर्घकाळ टिकणारा. टॅरागॉनचे पान अखंड व लवरहित. ढोरदवण्याचे पान खालून पांढुरके. शंका राहिल्यास वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना नमुना दाखवावा, आणि प्रत्येक खेपेचा मूठभर नमुना दिनांक घालून काचेच्या बरणीत जपून ठेवावा.

खरे तर दवणा घरीच करणे टॅरागॉनपेक्षा सोपे आहे. बी अतिशय बारीक असते आणि त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून त्याच वर्षीचे ताजे घ्यावे. आश्विन-कार्तिकात बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर फेकावे, झारीने पाणी द्यावे, सुमारे दीड महिन्याने रोपे वीतभर अंतराच्या आतच दाट लावावीत. माघ-फाल्गुनात पिवळी बारीक फुले येतात व गंध तेव्हाच परिपूर्ण असतो. त्या वेळी कापून सावलीत वाळवावा.

गोणी परत करणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी गेल्या कार्तिकात औषधालयामागील दोन वाफ्यांत दवणा लावला. चैत्रात त्यांना मिळालेला सुका पाला वर्षाच्या गरजेला पुरला नाही, निम्माच भरला. यंदा ते चार वाफे करणार आहेत. टॅरागॉनची एक कुंडी त्यांनी आमच्याकडून नेली आहे, ती मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि तिच्यावर नाव लिहिलेली पाटी आहे.