घर तारण ठेवून परदेशी पदवी नको

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात तोच प्रश्न नव्या नव्या घरांतून येऊ लागतो. "मॅडम, सप्टेंबरच्या इनटेकला बाहेर कुठे मिळेल?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. घरात पदवीपर्यंत कुणी गेलेलं नसतं, पासपोर्ट कुणाचाच नसतो. हातात तालुक्याच्या गावी नव्याने उघडलेल्या एखाद्या ‘ओव्हरसीज’ ऑफिसातला चकचकीत कागद असतो. त्यावर पाच-सहा विद्यापीठांची नावं आणि खाली ठळक अक्षरांत व्हिसाची हमी.

खरं उत्तर आधीच सांगून टाकते. जूनमध्ये विचारून सप्टेंबरला मिळणारी जागा बहुतेकदा कुणी न घेतलेली, उरलेली जागा असते. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांचे पदवीचे अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत भरून होतात. ब्रिटनमध्ये यूकासची, म्हणजे पदवीच्या सामायिक अर्जाची, मुख्य मुदत जानेवारीत संपते, ऑक्सफर्ड-केंब्रिजची तर त्याआधीच्या ऑक्टोबरात. म्हणजे ज्याला बारावीनंतर लगेच जायचं आहे त्याची तयारी अकरावीत सुरू व्हायला हवी. जूनमध्येही दार सताड उघडं ठेवून बसलेल्या संस्थेला तुमच्या मुलाच्या हुशारीशी फारसं देणंघेणं नसतं. तिला फी हवी असते.

आता त्या ‘मोफत मार्गदर्शना’बद्दल. ऑफिसचं भाडं, टेबलामागे बसलेल्या तीन मुली, चौकातला फ्लेक्स, हा सगळा खर्च कुणीतरी करतंच ना? तो खर्च परदेशातली संस्था करते. मुलाने प्रवेश घेतला की पहिल्या वर्षाच्या फीचा ठरलेला हिस्सा एजंटला मिळतो. हा व्यवहार बेकायदा नाही आणि काही एजंट काम नीट करतातही. पण एजंटच्या यादीत कमिशन देणारीच नावं असणार, हे पालकांनी डोक्यात पक्कं ठेवावं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत, म्हणून त्या कागदावर ती सहसा दिसत नाहीत. हार्वर्ड, येल, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि निवड झाली तर कुटुंबाला न परवडणारी सगळी रक्कम स्वतः भरतात. तिथे निवड होणं महाकठीण आहे, मान्य. पण अशी सोय जगात आहे, हे तरी त्या टेबलावर कुणी सांगितलं का?

मी सर्वांत जास्त भांडते ते कर्जावरून. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेत नाहीत. मग राहतं घर तारण जातं, नाहीतर दोन एकर विकले जातात. चाळीस लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता जवळपास ५४ हजार रुपये बसतो. शिक्षणाच्या काळात हप्ता भरायचा नसला तरी व्याजाचं मीटर चालूच असतं. दोन वर्षं पूर्ण रकमेवर साधं व्याज चढलं, तरी परतफेड सुरू होताना कर्ज ४८ लाख ४० हजारांवर गेलेलं असतं आणि हप्ता ६५ हजारांवर. मुलाला तिथे नोकरी लागली तर हे फिटेल. मुलगा परत आला आणि इथे पंचवीस-तीस हजारांवर रुजू झाला तर काय करायचं, याचं उत्तर कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी घरात बसून काढायला हवं. ‘असं होणार नाही’ हे उत्तर धरायचं नाही.

कारण तसं घडतं. मुलगा विमानात बसल्यापासून पदवी हातात येईपर्यंत नियम जागेवर राहत नाहीत. कॅनडाने खात्यात दाखवायच्या पैशांची अट जानेवारी २०२४ मध्ये १० हजार डॉलरवरून एकदम २० हजार ६३५ डॉलरवर नेली, परवान्यांवर मर्यादा घातली आणि नोव्हेंबरात झटपट व्हिसाची योजनाच बंद केली. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं थांबता येत होतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांसाठी ती मुदत अठरा महिन्यांवर येते. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. यातला एकही निर्णय तुमच्या मुलाच्या हातात नाही. अशा नियमांच्या भरवशावर राहतं घर लावायचं का?

"तिथे पार्टटाइम करून फी भागवेल," हे दुसरं ठरलेलं वाक्य. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही मुख्यतः विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला वीस तास, कॅनडात चोवीस तास. एवढ्या तासांत घरभाडं आणि किराणा निघाला तरी पुष्कळ. फी निघत नाही. आणि ब्रिटनसाठी २८ दिवस खात्यात पैसे दाखवायचे म्हणून सावकाराकडून महिन्याच्या व्याजाने रक्कम फिरवून देणारे लोक आता गावोगाव भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. व्हिसा अधिकाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, आणि खोटी माहिती दिल्याचा शेरा एकदा बसला की वर्षानुवर्षं पुसत नाही. तो मुलाच्या नावावर बसतो, एजंटच्या नाही.

मग घरातल्या पहिल्याने बाहेर जाऊच नये का? जावं, जरूर जावं. फक्त क्रम बदलावा. आधी इथल्या चांगल्या महाविद्यालयातून पदवी, आणि मग पैसे देणारा प्रवेश. हा क्रम आपल्याकडे नवा नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी. ए. होऊन. महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची होती. त्याआधी पदवीच्या शिक्षणासाठी महाराजांपर्यंत त्यांचा शब्द पोहोचवला होता त्यांचे मार्गदर्शक केळुसकर गुरुजींनी. कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेलं शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी परत येऊन सिडनहॅममध्ये प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा जाऊन ते पुरं केलं. अर्ध्यावरून परत येणं त्यांनाही चुकलं नाही, आणि त्यात कमीपणाचं काही नव्हतं.

आज त्याच शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी परदेशी पाठवतं. फी, राहण्याचा खर्च आणि विमानाचं तिकीट त्यात येतं. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक, सारथीमार्फत मराठा आणि खुल्या प्रवर्गासाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. अटी आणि उत्पन्नाची मर्यादा बदलत राहते, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. या योजना जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांसाठीच असतात. माझा तर सल्ला असा की एजंटने दिलेलं नाव त्या निकषात बसतं का, हे सगळ्यात आधी तपासावं. बसत नसेल, तर सरकार ज्यावर पैसे लावायला तयार नाही त्यावर तुम्ही घर का लावताय, हा प्रश्न स्वतःला विचारा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित वाट इरॅस्मस मुंडुसची आहे. युरोपातली काही विद्यापीठं मिळून एकच मास्टर्स चालवतात. विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त चोवीस महिने. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत, पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही करता येतो. शेती, पाणी, अन्नप्रक्रिया, साहित्य, डेटा, पर्यावरण, कितीतरी विषय आहेत. लातूरच्या बी. एस्सी. ॲग्रीच्या मुलीने जे करायचं ते नेमकं यात आहे, आणि तिला हे नावही ठाऊक नसतं.

त्याखालोखाल जर्मनी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ आता याहून जास्त घेतं, तेवढं लक्षात ठेवा. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात. पण ते पैसे तुमचेच. महिन्याला ९९२ युरो खर्चाला परत मिळतात. नुसत्या बारावीवर तिथे सहसा थेट प्रवेश नाही, आणि भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. वर्ग इंग्रजीत असला तरी दुकानात, घरमालकाशी आणि पुढे नोकरीत जर्मन लागते. तेव्हा पदवीची तीन-चार वर्षं हातात असताना पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवन, बाहेर असाल तर ऑनलाइन, पण भाषा बी-वन पातळीपर्यंत न्या. वीस लाखांच्या कर्जाने जे होत नाही ते या भाषेने होतं.

अर्ज मुलाने स्वतः भरावा, यावर मी हटून बसते. एक मुलगी अमेरिकेच्या अर्जाचा निबंध दाखवायला आली होती. एजंटकडून लिहून घेतलेला, गुळगुळीत. त्यात ‘माझे वडील व्यावसायिक आहेत’ असं होतं. वडील एसटीत वाहक. दहावीपासून त्यांच्या घरखर्चाची वही तीच ठेवत होती, धाकट्या भावाचे शिष्यवृत्तीचे फॉर्म तीच भरत होती, बँकेत आजीच्या पेन्शनसाठी तीच जात होती. यातलं एक अक्षर निबंधात नव्हतं. अमेरिकी विद्यापीठांच्या सामायिक अर्जात, म्हणजे कॉमन ॲपमध्ये, आईवडील किती शिकले हे थेट विचारतात, ते तुम्हाला खाली पाहायला लावण्यासाठी नाही. या मुलाने कुठून सुरुवात केली हे त्यांना बघायचं असतं. वडिलांचं काम लपवू नका. मुलाखतीतही नाही. निबंधाला साडेसहाशे शब्द मिळतात, त्यात स्वतःचं लिहा, मग इंग्रजी थोडं खडबडीत राहिलं तरी चालेल.

कागदपत्रांतली एक गोष्ट दरवर्षी घात करते, ती नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि वडिलांचं नाव मुलाच्या नावाला जोडलेलं. फॉर्ममध्ये पहिलं नाव म्हणून मुलं गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द, म्हणजे आडनाव, टाकतात. मग इंग्रजीच्या परीक्षेवर एक नाव, प्रवेशपत्रावर दुसरं, बँकेत तिसरं. दहावीनंतरच पासपोर्ट काढा आणि पुढे सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा. शिफारसपत्रही असंच घात करतं. आपल्या ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक नावाचं पद बहुधा नसतं, अर्जातले समुपदेशकाचे रकाने प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना भरावे लागतात. त्यांना महिनाभर आधी भेटा, तुम्ही काय काय केलंत ते एका कागदावर लिहून द्या. चांगला शिक्षक अशा वेळी मनापासून लिहितो.

शेवटी आईवडिलांशी दोन शब्द, कडू लागले तरी. भावकीतला कुणी कॅनडाला गेला म्हणून आपलाही गेला पाहिजे, हे कारण नाही. मुलगा निघण्याआधीच चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावता, पाहुण्यांना जेवण घालता, आणि तिकडे पहिल्या हिवाळ्यात तो एका खोलीत चौघांबरोबर राहून खचलेला असतो तेव्हा त्याला घरी फोन करून खरं सांगता येत नाही. फ्लेक्स त्याच्या आड येतो. पाठवायचंच असेल तर निघण्याआधी त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की नाही जमलं तर परत ये, आम्ही विचारणार नाही. हे वाक्य ऐकायला मिळालेली मुलं संकटात लवकर तोंड उघडतात. न मिळालेली मुलं कर्जावर कर्ज काढतात.

आणि ज्यांच्या हातात सीईटीचा निकाल आहे त्यांनी एवढं करावं. व्हिसा येणारच आहे असं कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं, तरी कॅप राउंडमध्ये मिळालेली इथली जागा, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत सोडू नका.