छकुलीची शाळेची वाट

चि. मनूस,



तुझ्या फोनपासून डोक्यात तोच विषय घोळतोय. एप्रिलमध्ये तुझी छकुली पहिलीत जाणार, आणि जपानच्या रिवाजाप्रमाणे घरच्या मोठ्या माणसाविना शाळेत चालत जाणार. इकडे तुझ्या सासूबाईंना घास गोड लागेना. ‘सहा वर्षांची पोर टोकियोच्या रस्त्यावर एकटी?’ तू विचारलंस, आत्या, चूक कोणाची? मला तर दोघींचंही पटतं.

आपण मुलांना कडेवर वाढवतो, बाहेरचे लोक त्यांना लवकर सोडून देतात, असं सरसकट बोललं जातं. जपान त्यात बसत नाही. तिथेही आई मुलाला जवळ घेऊन झोपते, गाद्या शेजारीशेजारी घालून कितीतरी घरं एकाच खोलीत निजतात, लहान मुलांची आंघोळ आईबापांबरोबरच होते. आणि तेच लेकरू सहाव्या वर्षी पाठीला जड दप्तर अडकवून रस्त्याला लागतं. एवढी माया करणारी माणसं ते निर्धास्तपणे कशी सोडतात, हे नीट बघ.

सरकारी प्राथमिक शाळा बहुधा चालण्याच्या अंतरावर. पहिलीच्या मुलांच्या डोक्यावर पिवळी टोपी किंवा दप्तरावर पिवळं आवरण, म्हणजे गाडीवाल्याला लांबूनच दिसावं. सकाळी चौकात झेंडा घेऊन उभे असलेले आजीआजोबा किंवा पालक. कोपऱ्यावर पोलीसचौकी. काही घरांवर, दुकानांवर चिकटवलेली खूण: भीती वाटली तर मुलानं खुशाल इथे शिरावं. त्या पोरामागे अख्खी आळी उभी असते. म्हणून तिथे त्याला सोडणं हा शहाणपणा आहे. पुण्यात कर्वे रस्ता ओलांडताना मीच जीव मुठीत धरते. अशा रस्त्यावर पहिलीतलं मूल एकटं सोडलं तर ती बेफिकिरीच. सासूबाईंची भीती इथल्या रस्त्यांनी शिकवलेली आहे. तिला मागासपणा म्हणू नकोस.

माझा जन्म बालवाडीत गेला, त्यामुळे एका जागची रीत दुसरीकडे नेण्याचा विषय निघाला की बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांची आठवण येतेच. माँटेसरीबाईंच्या शिक्षणपद्धतीचं पहिलं बालगृह 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत निघालं. ती पद्धत ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीसारख्या खेड्यात नेली, पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडच्या वारली पाड्यांवर. महागडी साधनं परवडणारी नव्हती. खडे, शिंपले, बिया, पानं घेतली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मुलानं स्वतःच्या हातानं करून शिकावं, एवढं धरून ठेवलं आणि बाकीचं तिथल्या जगण्याप्रमाणे बदललं. तूही तेच कर.

शाळेतल्या जेवणाचं तू म्हणालीस. शाकाहाराची अडचण असेल तर बाईंशी आधीच बोल आणि घरचा डबा दे. पण तिथल्या मुलांसारखी पांढरा एप्रन घालून वर्गाला वाढायची पाळी तिच्यावर येईल तेव्हा तिला वगळू देऊ नका. डबा वेगळा चालतो, पंगतीतून बाजूला पडलेलं मूल मात्र झुरतं. वर्ग झाडायलाही ती हौसेनं जाईल, बघ. आणि सुट्टीत इकडे आल्यावर आजी वरणभात भरवायला बसली तर ‘तिची ती जेवते’ म्हणून मध्ये पडू नकोस. आजीच्या हातचे चार घास खाऊन कुठलंही मूल परावलंबी झालेलं मी पाहिलेलं नाही.

एका बाबतीत मात्र देश बघायचा नाही. लाडानं धपाटा, शिस्तीसाठी छडी, हे इथेही होतं आणि जपानमध्येही होतं. तिथल्या कायद्यानं आईवडिलांनाही एप्रिल 2020 पासून ते बंद केलं. आपल्याकडे शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहे, घरात अजून ‘आम्हीही मार खाल्लाय’ चालतं. तुझ्या घरात ते चालू देऊ नकोस, मग सांगणारं कितीही मोठं असो.

शाळा सुरू होण्याआधी छकुलीला घेऊन ती वाट रोज चाल. कुठे थांबायचं, कुठल्या दुकानात शिरायचं, हे तिलाच तुला दाखवू दे. आणि त्यातल्या एका दिवशी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लाव, फोन छकुलीच्या हातात दे आणि तिलाच त्यांना घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत नेऊ दे. त्या जे विचारतील त्याचं उत्तर तू देऊ नकोस, तिला देऊ दे.

तुझी,
आत्या