चोविसाव्या आठवड्याच्या अलीकडे-पलीकडे

प्रस्तुत लेखिकेची ॲनोमली स्कॅन ही सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत व्हायला हवी होती. केंद्राने गर्दी सांगून पुढची तारीख दिली. गर्भात दोष दिसला तेव्हा तेविसावा आठवडा चालू होता. घरातली मंडळी मोबाइलवर अलाबामातलं बाळ दाखवू लागली: 2020 साली 21 आठवडे 1 दिवसाचं जन्मलं, वजन 420 ग्रॅम, तरी वाचलं! त्याची जुळी बहीण दिवसभरात गेली आणि त्यालाही तब्बल 275 दिवस रुग्णालयात काढावे लागले, हे मात्र कुणी सांगेना.

बाळ वाचेल का आणि गर्भपात कायद्यात बसेल का, हे दोन प्रश्न इथे सर्रास एकमेकांत गुंततात. सर्वोच्च न्यायालयातही गुंतले. ऑक्टोबर 2023मध्ये 26 आठवड्यांची गर्भवती असलेल्या एका विवाहितेला आधी गर्भपाताची परवानगी मिळाली. मग एम्सच्या डॉक्टरांनी बाळ जिवंत जन्मू शकतं असं कळवलं आणि 16 तारखेला न्यायालयाने नकार दिला. गर्भात दोष नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मात्र सुमारे 33 आठवड्यांच्या गर्भपाताला मान्यता दिली, तीही मेडिकल बोर्डाचा सल्ला बाजूला ठेवून, कारण दोष गंभीर होता. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना वाचवणारी यंत्रं कितीही सुधारोत, आपल्याकडे पारडं फिरतं ते दोषाच्या कलमावर.

ते कलम सहजी आलेलं नाही. 2008 साली मुंबईतलं एक दांपत्य डॉ. निखिल दातारांसह उच्च न्यायालयात गेलं. बाळाच्या हृदयात दोष होता, पण तेव्हाची 20 आठवड्यांची मुदत टळली होती. नकार मिळाला, पुढे त्याच महिन्यात गर्भ आपोआप पडला. कायदा बदलला 2021मध्ये.

आता 20 ते 24 आठवड्यांत, गंभीर दोष असेल तर, दोन डॉक्टरांचं मत पुरतं. लेखिका त्यात बसली, जेमतेम. निर्णय काय झाला, हा तिचा खासगी मामला.

इतरांनी एवढं करावं. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद जपावा. दिवस त्यावरून सर्वांत अचूक ठरतात. ॲनोमली स्कॅनची तारीख आधीच घ्यावी, केंद्र टाळू लागलं तर दुसरं गाठावं. एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) डॉक्टरांना ‘वाचेल का’ एवढंच न विचारता ‘याच रुग्णालयात, इतक्या आठवड्यांची किती बाळं वाचली आणि कशी वाढली’ असं विचारावं. दोष गंभीर असून चोवीस आठवडे उलटले असतील तर मेडिकल बोर्डाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच मागावी. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत होकार किंवा नकार कळवणं बोर्डावर बंधनकारक आहे.