पॉलिअमाइन्स, मेदोवृद्धी आणि आपल्याकडील लाखोळी

स्थौल्याचे रुग्ण अलीकडे ‘स्पर्मिडिन’च्या कॅप्सुलांविषयी विचारू लागले आहेत. औषधी दुकानदारांनाही हा प्रश्न चुकत नाही, म्हणून या द्रव्याचा थोडा विचार येथे करू.

प्युट्रेसिन, स्पर्मिडिन व स्पर्मिन ही पॉलिअमाइन्स शरीरात ऑर्निथिनपासून बनतात. काही आहारातून, काही आतड्यातील जीवाणूंकडून मिळतात. पेशींची वाढ व विभाजन त्यांच्यावाचून होत नाही. मेदाशी त्यांचा संबंध मात्र साठ्यापेक्षा उलाढालीचा आहे. ‘एसएसएटी’ हे विकर पॉलिअमाइन्सना ॲसिटिल गट जोडते. त्यात खर्ची पडणारे ॲसिटिल-कोए हेच मेदाम्लांचे कच्चे द्रव्य होय. घटलेली पॉलिअमाइन्स पेशी पुन्हा घडविते, त्यातही ऊर्जा जाते. हे विकर वाढविलेले उंदीर कृश राहिले. ते नसलेल्या उंदरांत स्निग्ध आहारावर मेद अधिक साचला. धात्वग्नीची आठवण येथे कोणासही होईल, परंतु समीकरण मांडण्याची घाई आम्हांस मान्य नाही.

कॅप्सूल गिळल्याने मेद झडतो, असे यावरून ठरत नाही. मनुष्यांत तसा पुरेसा पुरावा नाही. शिवाय अनेक कर्करोगांच्या पेशींतही पॉलिअमाइन्सची निर्मिती वाढलेली असते. अशा रुग्णाला ही कॅप्सूल परस्पर देऊ नये.

गव्हाचा अंकुर, सोयाबीन, वाटाणा, अळिंबी यांत स्पर्मिडिन चांगले असते. डाळींत ते असते म्हटल्यावर चंद्रपूर-गडचिरोलीत लाखोळीचे नाव निघणारच. धानाच्या बांधीत ओल असतानाच फेकलेली ही डाळ गरिबाचा आधार आहे. तिच्या अंकुरांत आर्जिनिनपासून प्युट्रेसिन कसे बनते, याचा अभ्यास 1970 च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाला. म्हणून ती मेदोहर ठरत नाही. भावप्रकाशाने ‘त्रिपुट’ हे पांगळेपणा आणणारे व अतिवातकर सांगितले आहे. आज त्याचे कारण ‘ओडॅप’ हे विषारी अमिनो आम्ल म्हणून ज्ञात आहे. भिजवून, उकळून पाणी टाकल्यास ते घटते, पूर्ण जात नाही. वजन उतरावे म्हणून इतर अन्न सोडून महिनोन् महिने लाखोळीच खाणाऱ्यास धोका सर्वाधिक.

चरकाने अष्टौनिंदितीय अध्यायात स्थूलासाठी यव, कोद्रव, मूग, कुळीथ, तूर सांगितले आहेत. कोदो आपल्या डोंगराळ भागात अजून पिकतो. पथ्यपत्रकात आम्ही तोच लिहितो, जोडीला मुगाचे किंवा कुळथाचे कढण.