आधी खांब, मग डबा

डबा निळा करू की लाल, असं तू विचारलंस आणि मला कळलं की खांबाचा विचार तू केलेलाच नाहीस. रागावू नकोस गं. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या शहर वसवण्याच्या खेळासाठी लटकती मोनोरेल करायची म्हणजे खेळातली मोनोरेल फक्त उलटी करायची, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं.

खेळात मोनोरेल आली २०१७च्या मे महिन्यात, ‘मास ट्रान्झिट’ या एक्स्पान्शनबरोबर. ती आपल्या मुंबईच्या चेंबूरवालीसारखी, तुळईवर मांड ठोकून बसणारी. त्यामुळे खेळाच्या डोक्यात पक्कं आहे की गाडी वर आणि खालची जागा मोकळी. मॉडेल घडवताना ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये तू डबा रुळाच्या पातळीखाली सरकवलास की तो लटकलेला दिसेल, पण खेळाला त्याचा पत्ता नसतो. तो खुशाल खालून रस्ता नेऊ देतो आणि बस तुझ्या प्रवाशांच्या पायांतून आरपार जाते. एरर येत नाही, काही नाही. म्हणून उंचीचा हिशोब तूच ठेव. खाली बस, वर थोडी मोकळी जागा, मग डबा, त्याला धरणारा दांडा, सगळ्यात वर तुळई. हे कागदावर मांड, मग किमान किती उंचीवर रूळ बांधू द्यायचा ते ठरेल.

नेहमीचा खांब तुळईच्या बरोबर खाली उभा राहतो, म्हणजे नेमका डब्याच्या वाटेत! तुला हवा तो बाजूला उभा राहून वरून हात पुढे काढणारा, नाहीतर दोन पायांची कमान. जर्मनीतल्या वुपर्टालचे फोटो बघ, पण डब्यांचे नको, पायांचे. १९०१ साली ती गाडी सुरू झाली. दरी अरुंद, घरं-कारखाने दाटीने वसलेले. मोकळी राहिली होती ती नदीवरची हवा. म्हणून १३.३ किलोमीटरपैकी सुमारे १० किलोमीटर गाडी वुपर नदीवरूनच जाते आणि खांबांचे पाय दोन्ही काठांवर तिरके रोवलेले आहेत. पुढे रस्त्यावर आली की पाय बदलतात. तुझ्या शहरातसुद्धा आधी अशी अडचणीची जागा शोध. सपाट माळरानावर लटकती गाडी उगाच वाटते.

तरी पहिलं काम म्हणून वुपर्टालला हात घालू नकोस. तिथला डबा एका बाजूने वळलेल्या हातांनी टांगलेला असतो, गाडी एकाच दिशेने धावते आणि शेवटच्या स्टेशनांवर वळसा घेऊन परत फिरते. त्यात तुळया जाळीच्या. खेळ रुळाचा एकच तुकडा ताणून-वाकवून सगळीकडे लावतो, त्यामुळे वळणावर जाळी अशी ओढली जाते की बघवत नाही.

जपानमधल्या चिबाची कर. १९८८पासून धावते, १५.२ किलोमीटर. पडद्याची चाकं जशी वरच्या पोकळ पट्टीत लपलेली असतात, तशी तिची रबरी चाकं तुळईच्या पोटात असतात आणि डबा खालच्या फटीतून लोंबतो. म्हणजे चाकं घडवायचा तुझा त्रास वाचला, आणि वरून व दोन्ही बाजूंनी बंद असलेली तुळई वळणावर छान वाकते. डोंगराळ नकाशा घेतलास तर जपानमधलीच शोनानची बघ, ती ओफुना ते एनोशिमा चढ-उतार आणि बोगदे पार करत जाते.

स्टेशनात फलाट रुळाच्या खाली येतो हे विसरू नकोस. प्रवाशांच्या उभं राहण्याची उंची तपासली नाहीस तर माणसं तुळईवर उभी दिसतील. आणि वळणावर खरा डबा खालून बाहेरच्या अंगाला झुलतो. गाडीच्या सेटिंगमध्ये झुकण्याचा आकडा असतो, तो उणे करून बघ.

तुला म्हणून सांगते, माझ्या मनात वेगळंच आहे. मला तुझ्याकडून मडगावची स्कायबस हवी आहे. कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांची ती कल्पना. पोकळ तुळईत पोलादी चाकं आणि खाली डबा. गोव्यात चाचणीसाठी सुमारे दीड किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. २००४च्या सप्टेंबरमध्ये चाचणीत अपघात झाला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि काम थांबलं. कितीतरी वर्षं ते खांब तसेच उभे होते, २०१३ साली पाडले. चिबाची तुळई जमली की निम्मं काम झालंच म्हण. वुपर्टाल तर कुणीही करेल गं, मडगाव कोण करणार? मात्र मॉडेलच्या वर्णनात अपघाताचं सरळ लिही, ‘गोव्याचं हरवलेलं स्वप्न’ वगैरे नको.

दुसऱ्या कुणाचा खांब उचलणार असशील तर आधी त्याला विचार आणि नाव दे. लांबून दिसायचं हलकं मॉडेलसुद्धा स्वतः बनव, आपोआप तयार होणाऱ्यात लोंबता डबा नुसता गोळा दिसतो. आणि परीक्षेच्या तोंडावर हे सगळं मी शिकवतेय, हे आईला कळू देऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपच्या पंख्याच्या आवाजाने ती आधीच वैतागली आहे.