सोफ्यावरच्या उशांना कुबट वास

प्रश्न : पावसाळ्यात सोफ्यावरच्या उशांना कुबट वास येतो. अभ्रे आरसेकामाचे आहेत. उशा अभ्र्यांसकट धुवाव्यात का?

उत्तर : नको. आधी अभ्रा काढून आत काय भरलंय ते पाहा. साधा किंवा सावरीचा कापूस असेल, तर उशी पाण्यात घालू नका. गाठी होतात आणि आत ओल राहून बुरशी धरते. उघडीप मिळताच दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या. कापूस दडपला असेल तर पिंजून घ्या. पॉलिएस्टर फायबरची उशी सौम्य साबणाने धुता येते. पिळू नका, दाबून पाणी काढा. आरसेकामाचे अभ्रे उलटे करून थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. रंग जातो का, ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने आतल्या बाजूला तपासा.